चूक सापडते, मग सुधारता का येत नाही?

संगणकावर कधी चिडला नाही असा माणूस आता शोधून सापडायचा नाही. अर्ज भरायचा शेवटचा दिवस असतो, रांगेत वीस मुले उभी असतात आणि नेमका त्याच वेळी पडदा गोठतो. बाण हलत नाही, कळा दाबल्या तरी अक्षर उमटत नाही. मग कोणी तरी जाणता पुढे होतो आणि ठरलेले वाक्य बोलतो, "बंद करून पुन्हा चालू करा." बहुतेक वेळा यंत्र मुकाट्याने सुरू होते. काय बिघडले होते ते कोणी विचारीत नाही. रांग पुढे सरकते.

"आज संगणक लहरीत नाही," असे आपण सहज म्हणून जातो. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा ‘लहर’ शब्द खटकतो. प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला नाही तर आपण त्याला लहरी म्हणत नाही. तारेचे टोक सैल आहे का, ते पाहतो. संगणकही तारांचा, धातूंचा आणि सिलिकॉनचाच बनलेला आहे. त्याची प्रत्येक चूक कोठे तरी, कोणत्या तरी क्षणी, कोणत्या तरी कारणाने घडलेली असते. ती कोठे घडली हे शोधण्याचा ज्यांनी हट्ट धरला, त्यांच्या हाती काय लागले ते या लेखात पाहू.

पतंग आणि निर्वात नळ्या

सुरुवातीच्या मोठ्या गणनयंत्रांत रिले नावाचे विद्युतचुंबकीय खटके असत. वेटोळ्यातून प्रवाह गेला की लोखंडी पट्टी ओढली जाते आणि दोन टोके एकमेकांना टेकतात. टेकली तर १, न टेकली तर ०. शाळेतल्या विजेच्या घंटेतही अशीच पट्टी असते. आता या दोन टोकांमध्ये धुळीचा एक कण अडकला तर? टोके टेकल्यासारखी दिसतील, पण प्रवाह जाणार नाही. यंत्र १ ऐवजी ० वाचील आणि त्यापुढचे सारे गणित चुकेल.

अमेरिकेतील हार्वर्डच्या ‘मार्क-२’ या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी धुळीच्या कणाऐवजी चक्क एक पतंग सापडला. यंत्र सांभाळणाऱ्यांनी तो नोंदवहीच्या पानावर चिकटपट्टीने चिकटवून ठेवला. ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. संगणकाच्या चुकीला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत या पतंगापासून पडली, अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत छापलेली आढळते. ती खरी नाही. यंत्रातील दोषाला हा शब्द एडिसन यांनी १८७८ सालच्या पत्रातही वापरला होता. नोंदवहीत पतंग चिकटवणाऱ्यांना गंमत वाटली ती एवढ्यासाठीच, की या वेळी किडा खराखुरा होता.

रिलेनंतर निर्वात नळ्या आल्या. आपले आजोबा त्यांना रेडिओचे व्हॉल्व्ह म्हणत. फिलाडेल्फिया येथे फेब्रुवारी १९४६ मध्ये जगाला दाखवलेल्या ‘एनिॲक’ या यंत्रात अशा जवळजवळ १८,००० नळ्या होत्या. येथे एक हिशेब करून पाहा. समजा, प्रत्येक नळी सरासरी १०,००० तास टिकते. एका रेडिओला हे आयुष्य भरपूर झाले. रोज तीन तास ऐकला तर नऊ वर्षे निघतील. पण १८,००० नळ्या एकाच वेळी जळत असतील, तर १०,००० भागिले १८,०००, म्हणजे सुमारे अर्ध्या तासाला एक नळी जाणार! आणि एक नळी गेली की गणित चुकले. भाग उत्तम असले तरी ते फार झाले की त्यांचे यंत्र भरवशाचे राहत नाही. संगणकाच्या साऱ्या दुखण्यांचे मूळ या एका भागाकारात आहे.

एनिॲकच्या अभियंत्यांनी यावर दोन उपाय केले. नळ्यांवर त्यांच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी ताण दिला, आणि यंत्र शक्यतो बंदच केले नाही. याचे कारण तुम्हांला घरच्या जुन्या दिव्यावरून सांगता येईल. तंतूचा दिवा बहुधा बटण दाबताक्षणीच जातो, कारण थंड तंतूचा रोध कमी असतो आणि पहिल्या क्षणी त्यातून फार मोठा प्रवाह वाहतो. नळ्यांच्या तंतूंचेही तसेच होई. या काळजीने नळी जाण्याचे प्रमाण दोन दिवसांत एक इतके खाली आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली वापरात आलेल्या ‘टिफरॅक’ या आपल्याकडच्या संगणकातही अशा सुमारे २,७०० नळ्या होत्या. वरचा भागाकार त्या आकड्याला लावून पाहा, म्हणजे तो चालवणाऱ्यांना काय सांभाळावे लागत असेल याची कल्पना येईल.

आजच्या संगणकात नळ्या नाहीत. पण भाग वाढले आहेत. आठ गिगाबाइट स्मृती म्हणजे सुमारे ६,८७२ कोटी कोठड्या, आणि प्रत्येकीत एक ० किंवा १. त्यात आपल्याकडची धूळ, मे महिन्याचा उकाडा आणि जाणारी-येणारी वीज. शाळेच्या संगणकाचे झाकण उघडायची परवानगी मिळालीच तर आतला पंखा पाहा. त्याच्या पात्यांवर धुळीचा थर बसलेला असेल तर आतले तापमान वाढते आणि यंत्र स्वतःला जपण्यासाठी गती कमी करते किंवा बंदच पडते. जुन्या यंत्रातली उभी नळकांडी, म्हणजे विद्युत्-विघटनी धारित्रे, उष्णतेने वरून फुगलेली दिसतात. ती फुगली की विजेचा दाब स्थिर राहत नाही. संगणक ‘उगाचच’ बंद पडतो त्यामागे पुष्कळदा एवढेच असते. (झाकण उघडण्याआधी वायर भिंतीतून काढून ठेवा, आणि शिक्षकांना बरोबर घ्या.)

एका कणाचा धक्का

धूळ दिसते, फुगलेले धारित्र दिसते. पण १९७० नंतरच्या दशकात स्मृतीच्या चकत्यांमध्ये एक विचित्र दोष आढळू लागला. एखादी कोठडी मधेच १ चे ० करी. तपासायला घेतली तर ती ठणठणीत! पुन्हा लिहिलेला अंक नीट वाचला जाई. तोच दोष त्याच जागी पुन्हा येतही नसे. असला बिघाड कसा धरायचा?

इंटेल कंपनीतील टिमथी मे आणि मरी वुड्स या दोघांनी १९७८ साली त्याचे कारण जाहीर केले. चकती ज्या चिनी मातीसारख्या आवरणात बसवलेली असे, त्या आवरणात युरेनियम आणि थोरियम यांचे अगदी सूक्ष्म अंश होते. ते किरणोत्सारी असल्याने त्यांतून अधूनमधून अल्फा कण बाहेर पडत. अल्फा कण कागदानेही अडतो, हे तुम्ही शिकला आहात. पण येथे त्याला कागद ओलांडायचाच नव्हता; तो चकतीच्या अंगावरच होता.

आकडे पाहा. अशा एका अल्फा कणाची ऊर्जा सुमारे ५० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरू. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. भागाकार केला तर एक कण थांबेपर्यंत जवळजवळ १४ लाख इलेक्ट्रॉन मोकळे करतो. त्या वेळच्या कोठडीत साठवलेला प्रभारही साधारण याच मापाचा, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनांच्या घरातला होता! तेव्हा एका कणाने कोठडीतला अंक पालटावा यात नवल नव्हते. कोठडी मोडत नाही, फक्त तिच्यातले लिहिलेले पुसले जाते. म्हणून तर तपासणीत काही सापडत नसे.

आवरणे शुद्ध केली तेव्हा हा उपद्रव पुष्कळ कमी झाला, पण गेला नाही. झीग्लर आणि लॅनफर्ड यांनी १९७९ साली दाखवून दिले की दुसरा गुन्हेगार आकाशातून येतो. विश्वकिरण वातावरणावर आदळले की त्यांतून कणांचा वर्षाव होतो, आणि त्यांतले न्यूट्रॉन सिलिकॉनच्या अणुकेंद्रावर आदळून तसाच घोटाळा करू शकतात. (विश्वकिरणांतून होणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वर्षावाचे गणित होमी भाभा आणि हाइट्लर यांनी १९३७ साली मांडले होते. त्या वेळी या विषयाचा गणनयंत्रांशी काही संबंध येईल असे कोणाच्या मनातही आले नसेल.) विमान ज्या उंचीवरून जाते तेथे हे न्यूट्रॉन जमिनीपेक्षा शेकडो पटींनी अधिक असतात.

बेल्जियममध्ये २००३ साली झालेल्या निवडणुकीत स्कारबेक या गावी एका उमेदवाराला मिळू शकतील त्याहून अधिक मते संगणकाने दाखवली. पुन्हा मोजणी झाली. फरक निघाला बरोबर ४,०९६ मतांचा. हा आकडा पाहून तुमचे कान टवकारले पाहिजेत! २ चा बारावा घात ४,०९६. द्विमान पद्धतीत उजवीकडून तेराव्या जागी असलेले ० चे १ झाले तर संख्या नेमकी एवढीच वाढते. यंत्र पुष्कळ तपासले, दोष सापडला नाही. विश्वकिरणच आला होता, हे सिद्ध करायला मागे कोणताच पुरावा उरत नाही. पण अंक आपोआप पालटला असावा, याच निष्कर्षाशी तज्ज्ञ थांबले. मते शक्य संख्येपेक्षा अधिक झाली म्हणून चूक लक्षात आली. थोड्या खालच्या जागेचा अंक पालटला असता तर?

हॅमिंग यांचा शनिवार-रविवार

आता थोडे मागे, पुन्हा रिलेच्या काळात जाऊ. रिचर्ड हॅमिंग हे तरुण गणिती १९४६ साली अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत लागले. तेथे एक रिलेचे गणनयंत्र होते. ते नवखे, म्हणून त्यांच्या वाट्याला यंत्र यायचे ते शनिवार-रविवारी, देखरेखीला कोणी नसताना. शुक्रवारी गणित यंत्राला लावून जायचे आणि सोमवारी उत्तर घ्यायला यायचे.

यंत्र तसे हुशार होते. आपली चूक झाली हे त्याला कळे. त्या काळच्या रिले-यंत्रांत आणि टेलिफोनच्या सामग्रीत यासाठी एक सुरेख युक्ती वापरीत. प्रत्येक अंकासाठी पाच रिले ठेवायचे आणि त्यांतले नेमके दोनच चालू करायचे. पाचांतून दोन निवडण्याचे बरोबर दहा प्रकार होतात, म्हणजे ० ते ९ हे अंक चपखल बसले. आता एखादा रिले अडकला तर चालू रिले एक किंवा तीन होतील, आणि यंत्राला लगेच कळेल की काही तरी बिनसले. आठवड्याच्या दिवशी असे झाले की देखरेख करणारा माणूस येऊन दुरुस्ती करी. पण सुट्टीच्या दिवशी यंत्र ते गणित सोडून देई आणि पुढच्याचे गणित हाती घेई.

लागोपाठ दोन सोमवारी हॅमिंग आले आणि त्यांना आपले काम टाकून दिलेले आढळले. त्यांचा संताप तुम्हांला समजू शकेल. गोठलेल्या पडद्यापुढे आपण सगळेच ते आहोत. पण चिडून ते यंत्राला नावे ठेवीत बसले नाहीत. त्यांनी एक प्रश्न विचारला: यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये? आणि जागा कळली, तर सुधारता का येऊ नये? अंक दोनच तर आहेत. चुकलेले १ असेल तर खरे ०, आणि चुकलेले ० असेल तर खरे १!

चूक कळणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मुलांना वेगळे सांगायला नको. गुणाकाराला नवाचा ताळा लावणे तुमच्या आजोबांनी पंतोजींकडे शिकलेले असेल. अंकांची बेरीज करीत एक अंक उरवायचा, दोन्ही बाजू जुळतात का पाहायचे. ताळा जुळला नाही तर गणित नक्की चुकले. पण कोठे चुकले ते ताळा सांगत नाही. हॅमिंग यांनी केले ते असे, की एकाच्या जागी अनेक ताळे लावले, आणि ते अशा बेताने, की कोणते ताळे चुकले यावरून चुकीची जागाच निघावी.

कागद-पेन्सिल घ्या. आपल्याला १०११ हे चार अंक पाठवायचे आहेत. सात घरे आखा. पहिले, दुसरे आणि चौथे घर ताळ्यासाठी राखून ठेवा. उरलेल्या ३, ५, ६, ७ या घरांत आपले अंक क्रमाने लिहा: तिसऱ्यात १, पाचव्यात ०, सहाव्यात १, सातव्यात १. आता ताळे भरायचे. नियम असा, की प्रत्येक गटातील १ या अंकांची संख्या सम आली पाहिजे.

पहिल्या घराचा गट: १, ३, ५, ७.
दुसऱ्या घराचा गट: २, ३, ६, ७.
चौथ्या घराचा गट: ४, ५, ६, ७.

पहिल्या गटात ३, ५, ७ या घरांत १, ०, १ आहेत. एक दोनदा आला, सम आहे, म्हणून पहिल्या घरात ०. दुसऱ्या गटात एक तीनदा आला, म्हणून दुसऱ्या घरात १ घालून चार करायचे. तिसऱ्या गटात दोनदा, म्हणून चौथ्या घरात ०. सात घरे झाली: ०११००११.

वाटेत सहाव्या घराचा अंक पालटला, असे समजा. पलीकडे पोचले ०११०००१. तेथला माणूस मूळ अंक जाणत नाही. तो फक्त ताळे पाहतो. पहिल्या घराचा गट: ०, १, ०, १, सम, ठीक. दुसऱ्या घराचा गट: १, १, ०, १, विषम, चूक. चौथ्या घराचा गट: ०, ०, ०, १, विषम, चूक. दुसऱ्या आणि चौथ्या घराचे ताळे चुकले. २ आणि ४ यांची बेरीज ६. चूक सहाव्या घरात! कोणतेही घर पालटून पाहा, अगदी ताळ्याचेही. बेरीज त्या घराचाच क्रमांक सांगेल. असे का होते, हे ज्याला १ ते ७ हे अंक द्विमान पद्धतीत लिहिता येतात त्याला दोन मिनिटांत सापडेल. मी सांगून तुमची मजा घालवीत नाही.

यालाही मर्यादा आहे. सहावे आणि सातवे अशी दोन घरे एकदम पालटली तर फक्त पहिल्या घराचा ताळा चुकतो, आणि यंत्र मोठ्या विश्वासाने पहिले, बरोबर असलेले घर बदलून टाकते. म्हणून आठवे घर घेतात आणि साऱ्या आठ घरांचा मिळून एक ताळा ठेवतात. एक चूक असेल तर हा ताळाही बिघडतो. दोन असतील तर तो जुळतो पण इतर चुकतात, आणि यंत्राला कळते की येथे हात न लावणे बरे. मोठ्या गणनकेंद्रांतील संगणकांच्या स्मृतीत याच तत्त्वावर पहारा असतो. हॅमिंग यांचा निबंध एप्रिल १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे रीड आणि सॉलोमन यांनी १९६० साली याहून बलवान पद्धत काढली. दुकानात पैसे देताना ज्या ठिपक्यांच्या चौकोनाचा फोटो काढतात, त्या क्यूआर संकेतात तीच आहे. तुमच्या पाठ्यपुस्तकावरील संकेताचा एखादा कोपरा शाईने बरबटला तरी तो वाचला जातो, तो हिच्यामुळे. (तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन मात्र झाकू नका, त्यांवरून संकेताची दिशा कळते.)

"फार वेळ" म्हणजे किती?

ताळ्याने अंक वाचतो. पण अंक बरोबर असूनही आज्ञाच चुकीची असेल तर? मग यंत्र ती चूक अगदी निष्ठेने करते. "बंद करून पुन्हा चालू करा" हा मंत्र बहुधा असल्याच चुकांवर चालतो. संगणक कामाच्या ओघात स्मृतीत टिपणे ठेवीत असतो. एखादे टिपण पुसायचे राहते, एखादा मोजणारा फुगत जातो, दोन कामे एकमेकांची वाट पाहत अडून बसतात. बंद केले की हे सारे पुसले जाते आणि यंत्र पुन्हा माहीत असलेल्या आरंभस्थितीत येते. दोष मात्र जागच्या जागीच राहतो.

‘विंडोज-९५’ या प्रणालीत असा दोष होता की संगणक सलग ४९.७ दिवस चालू राहिला तर गोठे. हा चमत्कारिक आकडा कोठून आला? आतले घड्याळ मिलिसेकंद मोजी आणि ३२ द्विमान घरांत लिही. २ चा बत्तिसावा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ मिलिसेकंद. दिवस करून पाहा! ‘बोइंग-७८७’ या विमानाच्या विद्युत्-जनित्रांच्या नियंत्रकांत असाच दोष सापडला. सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर ते एकदम बंद पडू शकत. म्हणून २०१५ साली अमेरिकेच्या विमान-प्रशासनाने त्यांची वीज ठरावीक मुदतीत बंद करून पुन्हा सुरू करण्याचा आदेश काढला. २४८ चे कोडे तुम्ही सोडवा. शतांश सेकंद आणि २ चा एकतिसावा घात एवढी खूण पुरे.

आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकचे एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या निवासावर पडले. २८ सैनिक ठार झाले. अशी क्षेपणास्त्रे पाडण्यासाठी तेथे ‘पेट्रियट’ यंत्रणा होती. तिने अस्त्र सोडलेच नाही. तिचा संगणक वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शात मोजी. आता ०.१ हा अपूर्णांक द्विमानात लिहून पाहा. दरवेळी दुप्पट करायची आणि पूर्णांक वेगळा काढायचा: ०.०००११००११००११... तो संपतच नाही! दशमानात एक तृतीयांश जसा ०.३३३... होतो तसेच हे. यंत्राने तो २४ घरांत तोडून लिहिला होता. चूक किती? सुमारे ०.००००००९५ सेकंदाच्याही दशांशाएवढी, म्हणजे ०.०००००००९५ सेकंद. पण यंत्रणा त्या दिवशी १०० तासांहून अधिक काळ बंद केलेली नव्हती. १०० तासांत ३६ लाख दशांश सेकंद होतात. गुणाकार करा: ०.३४ सेकंद. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येते. एवढ्या वेळात ते अर्ध्या किलोमीटरहून पुढे जाते. यंत्रणेने आकाशाच्या भलत्याच भागात पाहिले, तेथे काही नव्हते, आणि तिने ठरवले की क्षेपणास्त्र नाहीच.

हा दोष अज्ञात नव्हता, ही गोष्ट मला अधिक बोचते. यंत्रणा पुष्कळ तास चालली की नेम ढळतो, हे इस्राएलने दोन आठवडे आधी कळवले होते. सुधारलेला कार्यक्रम तयार होत होता. तो धाहरानला पोचला तो दुसऱ्या दिवशी, २६ फेब्रुवारीला. मधल्या काळात करायचा उपाय तोच, आपल्या ओळखीचा: बंद करून पुन्हा चालू करणे. त्याला एक-दीड मिनिट पुरे होते. तुकड्यांना २१ फेब्रुवारीला सूचनाही गेली होती की यंत्रणा फार वेळ चालवल्यास नेम ढळू शकतो. पण "फार वेळ" म्हणजे किती तास, तो आकडा सूचनेत नव्हता. प्रयोगवहीत उत्तरापुढे एकक आणि संख्या नसली की आम्ही शिक्षक गुण कापतो, आणि मुलांना तो आमचा खवटपणा वाटतो.

जेथे बटण दाबायला कोणी नाही

व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. पृथ्वीपासून मानवाने सर्वांत दूर पाठवलेली वस्तू ती हीच. १४ नोव्हेंबर २०२३ पासून त्याच्याकडून येणाऱ्या संदेशांना अर्थच उरला नाही. लहरी येत होत्या, पण त्यांत ० आणि १ यांची एकच ठरावीक माळ पुन्हा पुन्हा. यान २,४०० कोटी किलोमीटरवर होते. प्रश्न विचारायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला साडेबावीस तास.

प्रथम त्यांनीही पुन्हा चालू करण्याचाच उपाय केला. उपयोग झाला नाही. मग मार्च २०२४ मध्ये त्यांनी त्या संगणकाच्या संपूर्ण स्मृतीची नक्कल मागवली आणि जुन्या, चांगल्या स्थितीतील नकलेशी घर न् घर ताडून पाहिली. चूक सापडली. स्मृतीचा सुमारे ३ टक्के भाग सांभाळणारी एक चकती बिघडली होती. एखाद्या वेगवान कणाचा तडाखा बसला असेल, किंवा ४६ वर्षांच्या चाकरीनंतर ती झिजली असेल. ती बदलायला तेथे कोण जाणार? म्हणून त्या चकतीतला कार्यक्रम तुकडे करून स्मृतीतल्या इतर रिकाम्या जागांत बसवायचे ठरले, आणि एका तुकड्याने दुसऱ्याला हाक मारायचे सारे पत्ते नव्याने लिहिले. पहिला तुकडा १८ एप्रिल २०२४ रोजी पाठवला. २० एप्रिलला उत्तर आले, आणि पाच महिन्यांनी प्रथमच यानाने आपल्या प्रकृतीची खबर नीट कळवली.

आता तुमच्यासाठी एक काम. पलीकडून १००१०१० हे सात अंक आले आहेत आणि एक घर वाटेत पालटले आहे. मूळ चार अंक कोणते होते ते काढा. मग मित्राला सात घरांचा आपला संदेश द्या, त्याला गुपचूप एक घर पालटायला सांगा आणि ते ओळखून दाखवा. त्याने दोन पालटली तर काय करायचे, ते वर सांगितलेच आहे.